हलकं लागणारं स्टिअरिंग

पडदा उघडतो तेव्हा समोर एक निळी बस उभी आहे. भर दुपार, रस्त्याची कड. बसच्या पुढच्या चाकाजवळ खालून दोन पाय बाहेर आलेले आहेत, ते मामांचे. आजूबाजूला आम्ही नाटक कंपनीतली माणसं, कुणी दगडावर, कुणी कपड्यांच्या ट्रंकेवर बसलेलो. संध्याकाळी परगावी खेळ आणि मामा गाडी पुढे न्यायला तयार नाहीत.

मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. कंपनीचे मालक त्यांचे सख्खे मेहुणे, मामींचे धाकटे भाऊ. आई लवकर गेली म्हणून मामींनीच या भावाला लहानाचं मोठं केलं होतं, आणि त्याच्याच कंपनीचे कपडे त्या शिवायच्या. लग्नानंतर मामांनी मालट्रकची बरी चाललेली नोकरी सोडली आणि मेहुण्याच्या बसचं चाक धरलं, ते कायमचंच. नाटक त्यांनी कधी पुरतं पाहिलं नाही. पण माझा आवाज जरा बसला की दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूची खिडकी आधीच लावलेली असायची. त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

"झालं काय पण मामा?" आमच्या विनोदी नटानं वाकून विचारलं. त्याला सगळे पोपट म्हणायचे.

"स्टिअरिंग हलकं लागतंय."

"मग चांगलंच की. मागं एकदा जड लागतंय म्हणून कुरकुरत होतात. तुम्ही सासूच व्हायचं सोडून ड्रायव्हर झालात."

"तेव्हा टायरात हवा कमी होती. आता हवा बरोबर आहे. मागच्या खेळाहून परत आलो तेव्हा हे असं नव्हतं."

मालक सारखे घड्याळाकडे बघत होते. "दाजी, गाडी म्हातारी झाली. म्हातारपणी सगळंच हलकं होतं. चला आता."

"बघू दे त्यांना," मामी म्हणाल्या. "चाक निखळलं तर तू धावणार आहेस का पुढं?"

मामांनी जॅक लावून गाडी उचलली, चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मग खाली शिरून दांडे, सांधे, नट बोटांनी चाचपले. मला हाक मारली, "बाई, वर बसा आणि स्टिअरिंग इकडं-तिकडं करा बरं." मी केलं. माझ्या आयुष्यात तेवढीच मी बस चालवली.

"सैल नाही," खालून आवाज आला. "सैल असतं तर सापडलं असतं. सैल वेगळं आणि हलकं वेगळं."

बाहेर आले आणि हात पुसत चाकाकडे नुसते बघत उभे राहिले. एखादा तुटका नट मिळाला असता तर त्यांनी पेढा मिळाल्यासारखा तो हातावर घेतला असता. काही न मिळाल्यानं माणूस पार खचला होता.

मग एकदम म्हणाले, "सगळे आत या. मागं कुणी बसू नका. सगळे पुढं, माझ्या पाठीशी उभे राहा."

आम्ही कोंबड्यांसारखे दाटीवाटीनं उभे राहिलो. पोपट म्हणाला, "पहिल्या रांगेला एवढी गर्दी आपल्या खेळाला कधी झाली नव्हती." गाडी निघाली. पहिल्याच वळणावर मामांचे ताठलेले खांदे खाली आले.

"हां. ही आपली गाडी."

कुणीतरी टाळी वाजवली. ती अर्ध्यावरच थांबली, कारण मामांनी गाडी पुन्हा कडेला घेतली होती.

"म्हणजे बिघाड नाहीच," ते हळू म्हणाले. "पुढचं वजन गेलंय."

त्यांच्या सीटच्या मागं फळ्यांचा एक बंद कप्पा होता. रंगमंचाचे दिवे, त्यांच्या पेट्या आणि लोखंडी ठोकळे, असा सगळा जड माल मामांनीच तिथं बसवून घेतला होता, पुढं वजन असलं की गाडी रस्ता धरते म्हणून. कुलपाची किल्ली मालकांकडं. मामांनी हात मागं नेऊन फळीवर टकटक केलं. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

मामांनी मान वळवून मेहुण्याकडं बघितलं फक्त.

"तिथल्या थिएटरात त्यांचे दिवे आहेत," मालक म्हणाले. "म्हणून आपले घरी ठेवले."

"घरी कुठं रे?" मामींनी विचारलं. "घर मी झाडून निघालेय."

मालक दाराच्या पायरीवर बसले. "विकले, ताई. खेळच मिळत नाहीत. आजचा शेवटचा. गाडीचं गिऱ्हाईक उद्या सकाळी तिथंच येतंय."

"आणि आम्हाला कधी सांगणार होतास?"

"खेळ झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर कामात लक्ष लागलं असतं कुणाचं?"

मालकांचं म्हणणं खरं होतं. भांडायचं तरी कशासाठी? दिवे परत येणार नव्हते आणि गाडी मागं वळवली तरी जायचं कुठं? मामांनी थोडा वेळ स्टिअरिंगवर नुसते हात ठेवले आणि मग चावी फिरवली. मागच्या सगळ्या सीटा मोकळ्या होत्या, पण गाव येईपर्यंत त्यांच्या पाठीमागून एकही माणूस हलला नाही.

खेळ झाला. लोक हसले, जिथं रडायचं तिथं रडले. माझ्याकडून एक वाक्य सुटलं, ते पोपटानं सावरून घेतलं.

सकाळी थिएटरच्या आवारात गिऱ्हाईक आलं. कामगारांची ने-आण करणारा माणूस होता, स्वभावानं बरा. त्यानं टायरांवर थापा मारल्या, वर चढून चाक फिरवलं आणि म्हणाला, "वा, स्टिअरिंग काय हलकं आहे." मामांनी दोन्ही खिशांतून दोन्ही चाव्या काढून दिल्या, गाडी पुसायचं फडकंही दिलं.

मामी ट्रंकेवर बसून होत्या. भावाशी कालपासून बोलल्या नव्हत्या. पण थर्मासमधला चहा ओतून पेला त्याच्या हाताशी सरकवला होता. आम्ही आपापल्या सामानापाशी उभे होतो. परत कसं जायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

इंजिन सुरू झालं. मामा खिडकीपाशी गेले, दारावर हात ठेवला आणि अगदी संकोचून म्हणाले,

"साहेब, जाता जाता आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडता का?"