आडवी आतून, उभी बाहेरून

ऑक्टोबर १९८४, दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी खिडक्यांच्या काचा पुसायला काढल्या होत्या. समोरच्या घरात शेवंताकाकूंचंही तेच काम चाललं होतं. माझ्या सगळ्या खिडक्या पुसून वर चहा झाला, तरी काकू पहिल्याच तावदानाशी होत्या. पुसायच्या, मागे सरून बघायच्या, मान हलवायच्या, पुन्हा पुसायच्या. पुसलेल्या काचेवर काकूंचा हात पुन्हा फिरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा निम्मी घरं रिकामी होती. एका बाजूने खाडीचा खारा वारा, दुसऱ्या बाजूने बांधकामांची माती, आणि वारा फिरला की पावण्याकडच्या कारखान्यांची काजळी. आठवडाभरात काचांवर चिकट थर बसायचा. एका सुट्टीच्या दिवशी मी भर दुपारी साबणाचं पाणी घेऊन काचा धूत होते. समोरून एक उंच, हडकुळ्या बाई आल्या. नाव नाही, गाव नाही, सरळ माझी बादली उचलून बाजूला ठेवली. म्हणाल्या, "साबन लावलास की काच रडते, बाय. आनि उन्हात कशाला पुसतेस? हात फिरायच्या आत सुकते, मग पट्टे राहतात." संध्याकाळी त्याच बाई स्वतःचं फडकं घेऊन परत आल्या. ही आमची पहिली भेट.

काकूंचे वडील रत्नागिरीकडून मुंबईला आलेले, परळला तसबिरींना चौकटी करून द्यायचे. बुद्धाच्या तसबिरीवर काच बसवायच्या आधी ती पुसायचं काम लहानपणापासून काकूंकडे. त्यामुळे काचेच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घेत नसत. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, चौकटीचीसुद्धा, नाहीतर तीच ओली होऊन काचेवर उतरते. मग साध्या पाण्यात पिळलेलं जुन्या धोतराचं फडकं. शेवटी वर्तमानपत्राचा बोळा, काच कुईकुई वाजेपर्यंत. आरशाला पाणी फडक्यातूनच लावायचं. काचेवर शिंपडलं तर ते कडेने मागे जातं आणि आरशाला काळे डाग पडतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, काच आतून पुसताना हात आडवा फिरवायचा आणि बाहेरून पुसताना उभा. रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची, ते बघताक्षणी कळतं. उगाच दोन्हीकडून घासत बसावं लागत नाही.

हा नियम काकू काचेपुरता ठेवत नसत. ऑफिसातल्या बाईंशी माझं वाजलं की मी घरी येऊन त्यांच्यासमोर तोंड सोडायची. त्या तांदूळ निवडता निवडता ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "आडवी का उभी? आदी ते बग." मला राग यायचा. पण रात्री पोळ्या लाटताना मी बघायची, आणि पुष्कळदा ती आडवीच, माझ्याच बाजूची निघायची.

माझी मीना दोन वर्षांची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत काकूंकडे राहिली. मी सकाळी फोर्टची बस पकडायची ती दिवेलागणीला परत. मुलीला कुठे ठेवू, हे मी त्यांना विचारलंही नव्हतं. मी नोकरी सोडायच्या विचारात आहे असं त्यांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दारात येऊन मीनाला कडेवर घेऊन गेल्या. दिवाळीला मी साडी नेली. त्यांनी ती लगेच नेसून दाखवली आणि वर सांगितलं, काठ जरा भडक हाय. माझी नोकरी टिकली ती या बाईमुळे. दुसऱ्या कुणाला मी त्याचं श्रेय देणार नाही.

तर त्या रविवारी मी हातातला कप ठेवला आणि समोर गेले. काकू वैतागल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने काचच खराब झाली, आता काकांना सांगून तावदानं बदलून घेते, असं त्यांचं चाललं होतं. काका तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेले. मी काच पाहिली. आतून पाहिली, बाहेर जाऊन पाहिली. ना आडवी रेघ, ना उभी. समोरच्या झाडाचं पान न् पान दिसत होतं.

मी तावदान पूर्ण उघडलं आणि काकूंना मोकळ्या खिडकीपुढे उभं केलं.

"आता मध्ये काच नाही. झाड कसं दिसतंय?"

काकू बराच वेळ बघत राहिल्या. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून खिडकीत ठेवलं.

"तसंच," त्या म्हणाल्या. "धुरकट."

मोतीबिंदू, हे दोघींनाही कळलं. मग त्या बसून बोलल्या. त्यांच्या वडिलांना गावाकडे डोळा दाखवायला नेलं होतं, तो कापल्यावर पिकला आणि गेला. चौकटींचं दुकान बंद पडलं. म्हणून गेलं वर्षभर त्या काचेलाच दोष देत होत्या. दिसतंय तेवढं पुरे, म्हणाल्या, अंधारात नाय ना बसले. मी समजूत घालत बसले नाही. ते मला जमत नाही. एवढंच म्हणाले की वडिलांना नेलं ते फार उशिरा, तुम्हाला मी उद्या नेते, रजा टाकलीय. रजा अजून टाकायची होती.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात थंडीत ऑपरेशन झालं. पट्टी असेपर्यंत वाकायचं नाही, उचलायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं. पडल्या पडल्या त्या मीनाला विचारायच्या, तुझी आई काचा कधी पुसते, ऊन असताना तर नाही ना? मीना खरं सांगून टाकायची.

जाड भिंगांचा चष्मा मिळायचा होता त्या दिवशी काका त्यांना घेऊन गेले, आणि मी मागे त्यांचं घर आवरलं. खिडक्या पुसल्या, आरसा पुसला. दुपारी दोघं परतली. काकू उंबऱ्यात थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाय, तुजे केस पांढरे झाले, आनि मला कोनी सांगितलं नाय."

मग त्या भिंतीला हात न लावता खिडकीपर्यंत गेल्या. झाडाकडे पाहिलं. नंतर नजर जवळ आणली आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यावर बोट नेलं.

"आडवी हाय. आतली."

मला काही दिसेना. चेहरा काचेला लावला तेव्हा दिसली, केसाएवढी रेघ. मी फडक्यासाठी हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. काचेवर ऊन आलं होतं.

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या माझ्याकडच्या वस्तूंत धोतराचं एक फडकं आहे, ते मी वापरून वापरून विरवलं आहे. ठेवून दिलेलं त्यांना आवडलं नसतं.

त्यांनी माझा हात धरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, मी ऑफिसची पर्स खांद्याला लावूनच त्यांच्याकडे गेले. काकू खुर्ची खिडकीशी ओढून, चष्मा लावून बसल्या होत्या. मी फडकं पिळलं आणि आतून, आडवा हात फिरवला.