स्टेर्गियोसची भुकेली पिल्लं

स्टेर्गियोसच्या दारातून उपाशी परत गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय. पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनचीसुद्धा पालक भरलेली खुसखुशीत पिटा खाल्ल्याशिवाय सुटका नाही. कोंबड्यांच्या शेडमध्येही त्याचा हात असाच सैल. खाद्याची भांडी कायम काठोकाठ. पिल्लं भराभर फुगायची, पण डोंगरावरच्या थंडीत त्यांचं हृदय त्या वाढीला पुरं पडायचं नाही. मग पोटात पाणी होऊन पाचव्या आठवड्यात पटापट मरायची. दोन खेपा अशा गेल्या. तिसरी गेली तर पुन्हा पिल्लं मिळणार नाहीत, असं पिल्लं पुरवणाऱ्या कुक्कुटपालक संघानं बजावलं. म्हणजे शेड बंद, आणि कामासाठी परत आलेली मुलगी एव्हान्थिया पुन्हा शहरात.

एव्हान्थिया शेतकी शाळेत शिकलेली. तिनं खाद्यात ओरेगानोचं तेल आणि जीवनसत्त्वं मिसळली. "कापायच्या आधीच मसाला लावतेस होय गं?" म्हणून बाप हसला. पण दुसऱ्या आठवड्यात, पिल्लांची वाढ मंदावावी म्हणून, ती रोज सहा तास भांडी दोरीनं वर ओढून ठेवायला लागली, तसं त्याचं हसू मावळलं. पिल्लांचा आकांत त्याला ऐकवेना. ती गावात गेली की तो दाराजवळच्या पिल्लांना गुपचूप बादलीभर खाद्य टाकून येई. शेडच्या मधली जाळी ओलांडायला गुडघे तयार नसत, म्हणून पलीकडची तेवढी उपाशी राहिली. देवाशप्पथ, त्याला हे पुण्यच वाटत होतं.

पाचव्या आठवड्यात अलीकडच्या पिल्लांनी माना टाकल्या. पलीकडची टुणटुणीत. खाद्य एकच, थंडी एकच, एव्हान्थिया चक्रावून गेली. पोट टरटरलेलं मेलं पिल्लू हातात घेऊन बाप तिच्यासमोर उभा राहिला.

"मीच खायला घातलं."

ती तासभर त्याला फाडून खात होती. पण पलीकडची वाचलेली बघून संघ नरमला आणि आणखी एक खेप मिळाली.

या खेपेला आठव्या दिवशी स्टेर्गियोसनं स्वतः दोरी ओढली. पिल्लांनी शेड डोक्यावर घेतली. एव्हान्थियाला त्याची दया आली.

"बाबा, तुम्ही बाहेर जाऊन बसा."

तो हलला नाही.

"लढाईच्या दिवसांत माझी धाकटी बहीण वासिलो भुकेनं रडायची," तो म्हणाला. "केवढीशी होती. मग एक दिवस रडायची थांबली." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "ही बघ कशी बोंबलतायत. बोंबलू देत."

चार वाजता त्यानंच दोरी सैल केली. त्याच्या बुटांवरून उड्या मारत पिल्लं जेवायला धावली.