डाव्या बाजूचा आवाज

हेडफोनचा अँप्लिफायर आमच्या घरात आला, कारण फोनचा आवाज नवऱ्याला पुरत नव्हता. मला पुरत होता. या फरकाकडे तेव्हा आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

शेणव्यात आमची भातगिरणी आहे. एका शेडमध्ये भात भरडायचं मशीन, शेजारी पिठाची चक्की. नवरा मशीनवर असतो, मी बाहेर ओट्यावर वजनकाट्याशी. माझ्या माहेरी, टोकावड्यालाही गिरणीच होती, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा तूस, कोंडा आणि कणी यांतला फरक मला कोणी शिकवावा लागला नाही.

नवऱ्याला गाण्याची म्हणजे भजनाची आवड. गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी त्यानेच कधीकाळी भरून ठेवल्या होत्या. मुलगा डोंबिवलीला नोकरीला आहे. त्याने त्या सगळ्या फोनवर घेऊन दिल्या आणि स्वतःचे जुने मोठे हेडफोनही आणून दिले. कानावर वाटीसारखे बसणारे. दुपारी गिरणी बंद असते तेव्हा नवरा ते लावून ओटीवर बसू लागला आणि दोन दिवसांत कुरकुर सुरू झाली, की आवाज बारीक येतो.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ते हेडफोन जड आहेत. फोनची ताकद पुरत नाही त्यांना. मधे अँप्लिफायर लागतो."

"म्हंजे मोटर बारकी नि मशीन मोठा," नवरा म्हणाला.

"तसंच समजा."

नवऱ्याला हे ताबडतोब पटलं. मोटरच्या भाषेत सांगितलेलं त्याला काहीही पटतं.

मग तो डबा आला. काळा, पत्र्याचा, पोळ्यांच्या डब्याएवढा. पुढे एक गोल बटण, वर हवेसाठी बारीक फटी, मागे तीन पिनांची वायर. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. गाणं सुरू नसतानाही कानात सारखी गुणगुण ऐकू यायची, आणि डब्याला उघडा हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. मुलगा म्हणाला, परत पाठवू. नवरा म्हणाला, डब्याचा दोष नाय, घराचा आहे. घराला अर्थिंगच नव्हतं. गिरणीला होतं, घराला कोणी केलं नव्हतं, कारण पंखे आणि दिवे त्याच्यावाचून चालत होते.

शहाणा माणूस या वेळी वायरमनला बोलावतो. माझ्या नवऱ्याने न्हाणीच्या मागे माणूस कमरेपर्यंत उभा राहील एवढा खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, वर कोळसा आणि खडेमीठ यांचे थर घातले, पाइप रोवला आणि न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं. गिरणीला करतात तेच, फक्त एका पोळ्यांच्या डब्यासाठी. माझी जाऊ शेजारीच राहते. ती कुंपणापाशी येऊन बघत उभी राहिली.

"भावजी, कोणाला पुरताय?"

"तुझ्या नवऱ्याला. माप घेऊन ये."

"मीठ एवढं घातलंत, लोणचंच होईल त्याचं," ती म्हणाली आणि कोथिंबीर मागून घेऊन गेली.

गुणगुण गेली. झिणझिण्याही गेल्या. नवऱ्याने मुलाला फोन करून हे सविस्तर सांगितलं. मुलाने त्या डब्याविषयी इंटरनेटवर लोक काय लिहितात ते वाचलं होतं. पुष्कळांना गुणगुणीचा त्रास होता आणि कोणी महागडी वायर घेतली होती, कोणी दुसरा डबा. खड्डा कोणी खणला नव्हता. तेव्हापासून त्या डब्याच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं अशी नवऱ्याची खात्री झाली.

मीही ऐकून बघितलं. आवाज स्वच्छ होता. पेटीचा भाता उघडताना हवा आत जाते तेही ऐकू आलं. एका अभंगाच्या मधे सासरे खोकलेले ऐकू आले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. खोकला अगदी तसाच होता. मी हेडफोन काढून ठेवले आणि भाकऱ्या थापायला गेले.

पुढे दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. भाताचं मशीन, चक्की, मोटर, वजनकाटा, मोटारसायकल. सगळं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावायचं आणि अक्षता टाकायच्या. या वर्षी डबाही पाटावर मांडला. नवीन यंत्र आहे, त्याला वगळायचं कसं? मी हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, अक्षता टाकल्या आणि नारळ मोटरीपुढे फोडला.

दसऱ्यानंतर नवरा म्हणायला लागला की डाव्या बाजूचा आवाज कमी येतो.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग तो डबा हातात घेऊन हलवताना दिसला. आत काहीतरी खुळखुळत होतं.

"तुझ्या अक्षता आत गेल्यात गो," तो म्हणाला. "डावीकडच्या फटीतून."

"मग काढा."

"वरून कशाला टाकायच्या? बाजूला टाकायच्या."

"मोटरीवर पण वरूनच टाकते. ती कधी काही बोलली नाही."

त्याने स्क्रू काढून डबा उघडला. खरंच आत तांदळाचे दाणे होते, कुंकवाने लाल झालेले. चिमट्याने एकेक काढून त्याने ते माझ्यासमोर ताटलीत ठेवले, डॉक्टर पोटातला खडा दाखवतात तसे. डबा बंद केला, हेडफोन लावले, थोडा वेळ ऐकलं आणि त्याचं तोंड पडलं. डावीकडे अजून कमीच होतं.

मुलाला फोन झाला. मुलगा म्हणाला, त्या डब्याच्या बटणात तो दोष असतो, आवाज अगदी बारीक ठेवला की एक बाजू कमी वाजते. थोडा मोठा ठेवा, सारखं होईल. नवऱ्याने मोठा ठेवला. सारखं झालं नाही. त्याने आणखी मोठा ठेवला. मी ओटीच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत बसले होते आणि तिथे मला त्याच्या हेडफोनमधला मृदंग ऐकू येत होता. शेवटी नवरा म्हणाला, बटणच खराब आहे, डबा बदलून घेऊ. मुलाने परत पाठवायची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी माणूस न्यायला येणार होता.

त्या दिवसांत गिरणीतही एक गोष्ट चालू होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच मी समजत होते.

लवकर तयार होणारं हळवं भात कापून झालं होतं आणि लोक नवीन भात भरडायला आणू लागले होते. मशीनमध्ये रबराचे दोन रोल असतात, त्यांच्यामधून भात गेलं की तूस निघतं. रोल फार जवळ आले की दाणा मोडतो आणि कणी वाढते. लांब गेले की तूस राहतं. अंतर एका चाकाने कमीजास्त करायचं. किती करायचं ते नवरा आवाजावर ठरवतो. त्याचे वडीलही तसंच ठरवायचे. उजवा हात चाकावर, मान थोडी कललेली, आणि मग एका ठिकाणी हात थांबतो. त्याच्या हातची कणी कमी पडते म्हणून किन्हवलीकडची माणसंसुद्धा आपल्या गावातली गिरणी सोडून आमच्याकडे येतात. आमचा धंदा त्या थांबणाऱ्या हातावर आहे.

या हंगामात कणी वाढली होती. पहिली बोलली ती जाऊच. तिने पाटीतले तांदूळ मुठीत घेऊन माझ्यासमोर पसरले.

"भात दिला नि कणी घेऊन चालले. रोज पेजच रांधू का?"

"भात कडक वाळवलंस तू," नवरा आतून म्हणाला. "कडक वाळलं की मोडतं."

"दरवर्षी मीच वाळवते, भावजी. ऊन बदललं का?"

"तुझ्या कोंबड्या खूश होतील."

"कोंबड्यांसाठी गिरणीत कशाला येऊ? त्यांना भातच टाकीन की," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पुढच्या आठवड्यात तिचा नवरा दोन पोती मोटारसायकलवर टाकून शहापूरच्या बाजूला घेऊन जाताना मला दिसला. शेजारची गिरणी सोडून. आणखी दोघं-तिघं आले नाहीत. नवरा म्हणायचा, भातच तसं आहे यंदा. मी पण तेच म्हणत होते.

डबा न्यायला माणूस येणार त्या दिवशी सकाळी मी तो पुसायला घेतला. हळदीचा डाग घेऊन परत कशाला पाठवायचा. पुसून झाल्यावर सहज हेडफोन लावले आणि आवाज बारीक ठेवून ऐकलं. दोन्ही बाजू सारख्या होत्या. बटण थोडं वाढवलं. सारख्याच. मी नवऱ्याला सांगितलं.

"तुला नाय कळायचं त्यातलं," तो म्हणाला.

"डावं-उजवं कळतं मला. इकडे बसा."

मी त्याला बसवलं आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर उलटे चढवले. उजव्या कानाचा भाग डाव्या कानावर, डाव्याचा उजव्यावर. दोष डब्यात असला तर आता त्याला उजवीकडे कमी ऐकू यायला हवं होतं. एवढं साधं होतं, आणि खड्डा खणेपर्यंत गेलेल्या माणसाला ते सुचलं नव्हतं. मलाही सुचलं ते त्या दिवशी.

"कुठे कमी येतं?"

त्याने थोडा वेळ ऐकलं. मग डाव्या कानाला हात लावला.

"उलटे आहेत ते," मी म्हणाले.

त्याने हेडफोन काढले, बघितले, स्वतः पुन्हा उलटे घातले. मग सुलटे. मग काढून मांडीवर ठेवले आणि केबल गुंडाळत बसला.

"सर्दी झालेली मला," तो म्हणाला.

"कधी?"

"झालेली मधे."

डबा न्यायला माणूस आला तेव्हा मी त्याला चहा देऊन रिकामा परत पाठवला. मला तेव्हा डब्याची फिकीर नव्हती. मला मशीनपाशी कललेली ती मान दिसत होती. ती डावीकडे कलते. डावा कान मशीनकडे.

नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायला आठवडा गेला. आधी त्याला कानात कोमट तेल घालायचं होतं, ते मी घालू दिलं नाही. मग हंगाम होता. मग मी सांगितलं की गिरणीला कुलूप लावून मी एकटीच शहापूरला जाईन आणि डॉक्टरला विचारून येईन, लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तेव्हा तो मोटारसायकल काढायला उठला.

डॉक्टरने आधी कानातला मळ काढला. तो बघून नवऱ्याला धीर आला. बाहेर येऊन म्हणाला, "हेच होतं." पण मळ निघून फरक पडला नाही. मग त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. डॉक्टरने विचारलं, काम काय करता? आणि मशीनपाशी कसे उभे राहता? नवरा खुर्चीतून उठला, उजवा हात हवेत चाकावर ठेवला आणि मान कलती केली. डॉक्टर म्हणाले, बसा.

आवाजाने कान गेला होता. डावा बराच, उजवा थोडा. गेलेलं परत येणार नव्हतं. राहिलेलं सांभाळायचं असेल तर मशीनपाशी कानांना जाड झाकणं लावायची आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवायचा. डाव्या कानाला ऐकायचं मशीन बसवता येईल, पण ते गिरणीत लावून उभं राहायचं नाही.

"झाकणं लावली तर मला ऐकू कसं येणार?" नवऱ्याने विचारलं.

"ऐकू येऊ नये म्हणूनच लावायची," डॉक्टर म्हणाले.

परत येताना मोटारसायकलवर मागे बसून मी हिशेब करत होते. झाकणं लावली नाहीत तर उजवाही जाईल. लावली तर रोल कसे जुळवायचे? मुलगा गिरणीत येणार नाही, ते आम्ही केव्हाच मान्य केलं आहे. गिरणी दुसऱ्याला चालवायला देता येईल, पण लोक गिरणीकडे येत नव्हते, त्या हाताकडे येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी शेडमध्ये गेले आणि मशीन चालू करायला सांगितलं. आमचंच भात ओतलं. त्याने कानांना शहापूरहून आणलेली झाकणं लावली होती, नारंगी रंगाची, आणि त्यात तो विमानतळावरच्या माणसासारखा दिसत होता. मी ते त्याला सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही.

मी ओट्यावर बसून तो आवाज वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. आत जाऊन कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता, पण बाहेर बसून कळायचं, की आता बरोबर लागलं, आता गोण्या पुढे सरकतील. तसंच केलं. बाहेर ओट्यावर जाऊन बसले, नेहमीच्या जागी, तो दारातून दिसेल अशी. त्याने चाक फिरवायला सुरुवात केली. आवाज जड होता, ओढल्यासारखा. मी हात हलवून सांगितलं, सोडा. त्याने सोडलं. अजून. मग आवाज फार मोकळा झाला, खडखडला. मी मूठ आवळली. त्याने थोडं आवळलं. मी हात वर केला.

त्याचा हात थांबला, पण तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला ते पटलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने चाक अजून आवळायला हवं होतं. त्याने थोडं आवळलं. मी पुन्हा सोडायची खूण केली. असं दोनदा झालं. मग त्याने मशीनखालून मूठभर तांदूळ घेतले, दारात उजेडात आला, तळहातावर पसरले आणि बोटाने कणी बाजूला करू लागला. बाजूला करायला फारशी नव्हती.

त्याने झाकणं गळ्यात ओढली.

"ओट्यावरनंच सांग," तो म्हणाला. "आत नको येऊस. तुझे पण जातील."

तेवढ्यात रस्त्याने किन्हवलीकडचा एक म्हातारा बैलगाडीत पोती घेऊन येताना दिसला. नवऱ्याने झाकणं परत कानांवर चढवली आणि आत गेला. मी काट्यावरची धूळ पुसली.