एकशेदहाचा धूर

मेहुण्याने परदेशाहून आणलेल्या अॅम्प्लिफायरची पिन मी मोठ्या ऐटीत भिंतीत खुपसली आणि सुरांऐवजी धूर निघाला. मागे ‘११० व्होल्ट’ लिहिलं होतं. मी वाचत बसलो होतो तो पावतीवरचा आकडा. इथल्या निम्म्या भावात मिळाला होता ना! बायको एवढंच म्हणाली, "स्वस्तात जळला."

ते धूड काखोटीला मारून मी खरखरकाकांकडे गेलो. स्पीकरची खरखर काढणं हा त्यांचा धंदा. स्वतःच्या घशातली मात्र त्यांना कधी काढता आली नाही.

जिन्याखालच्या खोलीत त्यांनी झाकण उघडलं आणि तोंड कडू केलं.

"जळका वास येतोय?" मी ओशाळून विचारलं.

"जळका कसला, कंपनीचा!" मागे ठोकलेली पत्र्याची पट्टी त्यांनी उचकटली. खाली रिकामं भोक. "आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही व्होल्टला चालतो. व्होल्ट बदलायचं बटण तेवढं काढलंय, तिकडचा स्वस्त माल इकडे चालू नये म्हणून. दिडकीचं बटण रे!"

काका पूर्वी बारा वर्षं याच कंपनीच्या शोरूममध्ये टाय लावून उभे असत. ‘तिकडे स्वस्त कसा?’ असं कुणी विचारलं, की हसून म्हणायचं, ‘तो माल हलका, साहेब.’ एकदा त्यांनी दोन्हीकडचे सेट शेजारी ठेवून उघडले. स्क्रूसुद्धा सख्खे भाऊ! जकात, भाडं धरूनही उरलेल्या फरकाला काही नाव सापडेना. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकापुढे ‘हलका’ म्हणताना त्यांना खरोखरच उमासे आले. टाय काउंटरवर काढून ठेवला तो ठेवलाच.

"हलका म्हणे!" काका पचकन बाहेर थुंकले. "हलकट म्हणालो असतो तर निदान खरं बोललो असतो."

जळालेल्या आयसी चिपचा जोडीदार त्यांच्या खणात होता, पण शेवटचाच. शोरूमचं पत्र आलेलं होतं: परदेशी सेटला हात लावलात तर सुटे भाग बंद. काकांची निम्मी कामं याच कंपनीची. ते पत्र त्यांनी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नखाली अंथरलं होतं. मधोमध तपकिरी भोक पडलं होतं.

तरी काकांनी तो शेवटचा आयसी बसवला, ट्रान्सफॉर्मरच्या तारा इकडच्या व्होल्टला जोडल्या आणि तासाभरात अॅम्प्लिफायर गाऊ लागला. मला एकदम काकांची काळजी वाटली.

"काका, तुम्ही दुरुस्त केलात हे मी कुणालाही सांगणार नाही हं."

"सांग. पत्त्यासकट सांग."