आबासाहेबांच्या कपाळावरचा सहा

श्रीगोंद्याच्या प्रभुदास फोटोवाल्याला उन्हाळ्याची फार धास्ती. लढाई नुकतीच संपलेली, फिल्मचा रोल मिळता मिळत नव्हता. मिळालेले चार रोल उन्हानं खराब होऊ नयेत म्हणून त्यानं पत्र्याच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवले. बायको फिलोमिना कुरकुरली, पण त्यानं ऐकलं नाही.

पहिला रोल खर्ची पडला तो आबासाहेबांवर. मोठे बागाईतदार, फोटोही आयुष्यातला पहिलाच. छापून हातात आला तेव्हा प्रभुदासनं तो उजेडात नेऊन निरखला. आबासाहेबांच्या कपाळावर इंग्रजी सहाचा आकडा आडवा झोपलेला, आणि त्याच्या बाजूला ठिपक्यांची रांग. आबासाहेबांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"मी काय बाजारातला बैल हाय व्हय, आकडा मारायला?"

प्रभुदासनं पुन्हा फोटो काढून द्यायचं कबूल केलं आणि मान खाली घालून घरी आला. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो, त्यावर हे आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्यामागच्या लाल काचेतून ते बघत रोल पुढं सरकवायचा. तेव्हा ऊन त्या काचेतूनच आत शिरलं असणार, असं त्याला वाटलं. त्यानं काचेवर काळं फडकं चिकटवलं आणि दुसरा रोल घालून चर्चच्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत सुटला. कोऱ्या भिंतीवर डाग लपत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, कशाचा फोटो काढतोस? तो म्हणाला, कशाचाच नाही. पाळकसाहेब काळजीत पडले.

भिंतीच्या फोटोंतही आकडे उमटले. म्हणजे काच निर्दोष होती.

तिसरा रोल काढायला त्यानं डबा उघडला, तर झाकणाच्या आतून पाणी ओघळत होतं. कागदाला बोट लावलं, बोट काळं झालं. ओल खाऊन कागदाची शाई फिल्मला लागत होती. थंडाव्यासाठी केलेला उपायच अंगाशी आला होता. फिलोमिनानं गव्हाच्या कणगीत जागा करून दिली.

नवा रोल त्यानं खटपट करून नगरहून मागवला आणि कणगीत कोरडा ठेवला. आबासाहेबांचा दुसरा फोटो लख्ख आला. तो घेऊन प्रभुदास ऐटीत वाड्यावर गेला. आबासाहेब खूश झाले. त्यांच्या कारभारीण बनुबाईंनी मात्र दोन्ही फोटो शेजारी मांडून बराच वेळ न्याहाळले.

"ह्यात हे रागावल्यागत दिसत्यात," त्या म्हणाल्या. "पयल्यात हसत्यात. लगीन झाल्यापासनं मी येवढं हसू बगितलं न्हाई. आकडा ऱ्हाऊ द्या."

आबासाहेबांनी पहिला फोटो पुन्हा हातात घेतला. बहुधा त्यांनाही ते पटलं असावं. आकड्याचा फोटो चौकटीत जाऊन ओसरीवर लागला. प्रभुदासला चहाला बोलावलं की बनुबाई त्याला मुद्दाम त्या फोटोसमोरच बसवायच्या, आणि तो मान खाली घालून चहा बशीत ओतत राहायचा.