सांभाळायला ठेवलेले कोंबडे

दिवाळी झाली की आमच्या वस्तीवर कुलपं पडतात. ट्रक येतो, भांडीकुंडी चढतात, पोरंबाळं चढतात आणि माणसं ऊसतोडीला निघून जातात. माझे गुडघे गेल्यापासून मी जात नाही. धनी वारले, लेकी आपापल्या घरी नांदतात. मागं उरते मी, आणि जाताना शेजाऱ्यांनी माझ्या अंगणात सोडलेली त्यांची कोंबडीजात.

कोंबड्या कुठंही रुळतात. त्रास असतो तो नरांचा. प्रत्येक घरचा एक, आणि प्रत्येकाला वाटतं आपणच पाटील. पहिल्या वर्षी मी मोठ्या शहाणपणानं सगळे भरदुपारी एकत्र सोडले आणि दाणे एकाच जागी टाकले. अंगणात नुसती पिसं आणि रक्त. कोपऱ्यावरच्या घरच्या कोंबड्याचा एक डोळाच गेला. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परत आली तेव्हा त्याच्या मालकिणीपुढं माझी मान वर होईना.

तेव्हापासून मी रीत बदलली. नवा आलेला नर डाल्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्याखाली, दोन-तीन दिवस अंगणातच झाकून ठेवायचा. बाकीचे येऊन बघतात, गळ्याची पिसं फुलवतात, फणकारतात, पण चोच पोचत नाही. मग कंटाळतात. सोडायचा तो दिवस मावळताना, कारण त्या वेळी भांडणापेक्षा झोपायची फांदी शोधायची घाई असते. दाणे चार ठिकाणी टाकायचे. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचे ढीग मुद्दाम मध्ये रचायचे, म्हणजे हरलेल्याला तोंड लपवायला जागा मिळते. माणसांनाही एवढी सोय असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

यंदा आलेले पाचही नर गुण्यागोविंदानं राहिले. दिवसभर रानात हिंडायचे, संध्याकाळी माझ्या दारच्या कडुलिंबावर चढायचे. मी त्यांना मालकांच्या जागी धरून बोलायची. कोपऱ्यावरच्या घरचा माणूस लई तोंडाळ, पण त्याचा तो एकडोळ्या कोंबडा भित्रा. "अरे, मालकाचं काहीतरी घे की अंगात," म्हणून मी त्याला रोज सुनावायची. पहाटे एक आरवला की दुसरा त्याला उत्तर द्यायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटायचं, वस्ती भरलेली आहे. उठून बघावं तर कुलपंच. एखाद्या दिवशी माझाच आवाज मला परका वाटायचा, इतकं माणसाशी बोलणं नसायचं.

माणसं परत आली. ज्यानं त्यानं आपला नर ओळखून बगलेत मारून नेला. अंगण रिकामं झालं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं.

पण दिवस मावळताना एकडोळ्या तुरुतुरु चालत आला आणि लिंबावर चढला. पाठोपाठ बाकीचे आले. त्यांच्या मागं मोबाईलच्या उजेडात मालक. "मावशे, आमचा कोंबडा हिकडं आलाय का?" पोरं फांद्यांना लोंबकळायला लागली, बायका हसायला लागल्या. मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी दुपारीच दूध बाजूला काढून ठेवायला लागले. उपाय मला ठाऊक होता. पण कुणी विचारलं नाही, आणि मला घाई नव्हती.

एका संध्याकाळी शेजारची सून आली. कडेवर लेकरू, हाताला उसाच्या पाल्यानं चिरा पडलेल्या, पाय ओढत चाललेली. लिंबाखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "मावशे, लई दमले गं. ह्यो घरी कावून राहत न्हाई?"

"त्याचा सोभावच तसा हाय" म्हणून मोकळं होता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण पोर उभ्या उभ्या पेंगत होती.

"डाल्याखाली ठेव दोन-तीन दिस," मी म्हणाले. "अन् सोडायचा तर दिस मावळताना. मग त्याला घर कळतंय."

"आमच्याकडं डालं न्हाई की."

मी माझं काढून दिलं. तिनं घरोघर सांगितलं, आणि माझं डालं या घरातून त्या घरात फिरलं. एकेक नर येईनासा झाला. शेवटी एकडोळ्याही आला नाही. त्या संध्याकाळी दूध तसंच राहिलं. मी एकटीनं चहा प्यायले आणि मला रडू आलं.

आता पहाटे ते आपापल्या अंगणात आरवतात. लांबून ऐकू येतं.

डालं अजून कुणाच्या तरी घरी आहे. मी ते मागायला गेलेले नाही. परत द्यायला तरी कुणीतरी येईल.