कुशन कॅनन

भीमराज आमच्या यवतमाळच्या क्लबात बिलियर्डचा मार्कर होता. टेबल ब्रशनं झाडायचं, साहेबलोकांच्या काठ्यांना खडू लावायचा आणि त्यांचे गुण मोठ्यानं पुकारायचे, हे त्याचं काम. मार्करनं फक्त शिकवण्यापुरतं खेळावं आणि तेव्हाही हरावं, असा रिवाज होता. मी तिथला कारकून. गुण पाटीवर मी लिहायचो.

त्याचा कुशन कॅनन बघत राहावा असा. आपल्या चेंडूनं समोरच्या दोन्ही चेंडूंना शिवणं म्हणजे कॅनन. त्याचे गुण दोन. सरळ वाट नसली की आधी टेबलाच्या रबरी कडेवर, म्हणजे कुशनवर मारायचं. चेंडू उसळी खाऊन मागून येतो आणि दोघांनाही गाठतो.

छप्पन साली भीमराज नागपुरास जाऊन दीक्षा घेऊन आला. 'जोहार' संपला, 'जय भीम' सुरू झाला. घाटंजीकडच्या त्याच्या गावचा पाटील बाबाराव क्लबाचा सभासद. त्याला ते मिरचीसारखं झोंबलं.

"काहून रे, गावात माहा बैल मरून पडला, अन् तू इथं काठ्या पुसून राह्यला?"

"ढोरं ओढणं आम्ही सोडलं, पाटील. मले सांगू नका."

भीमराजला काढून टाका म्हणून बाबारावनं लई आदळआपट केली, पण सेक्रेटरी ऐकेना. टेबलाचं कापड सांभाळणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. इथंच भीमराज चुकला. शहरात आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, असं त्याला वाटलं. पाटील दुसऱ्या दिवशी हसत आला, "कुशन कॅनन शिकव" म्हणाला, तर या भल्या माणसानं महिनाभर जीव ओतून शिकवला.

गावात त्याची माय होती, कौसल्या. वय सत्तरीचं. बाबारावनं तिला वाड्यावर बोलावलं आणि सांगितलं, गाय मेली आहे, ओढून टाक. नाहीतर पोराची नोकरी उद्या जाते. म्हातारीला काय ठाऊक, की ती नोकरी त्याच्या हातात नव्हतीच! वस्तीतल्या कोणाला न सांगता तिनं कमरेला दोर बांधला आणि भर उन्हात एकटीनं गाय नाल्यापर्यंत ओढली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे आम्हाला बाबारावनंच सांगितलं, काठीला खडू लावता लावता, अगदी सावकाश. भीमराज टेबलाच्या टोकाला उभा होता.

"काल माती झाली. वस्तीनं निरोप माह्याजवळ देल्ला होता, तुले द्याचा राहूनच गेला."

मग बाबाराव वाकला आणि त्यानं फटका मारला. चेंडू कुशनवर आपटला, मागं फिरला, एकाला लागला, दुसऱ्यालाही लागला.

"पुकार ना बे."

भीमराजचे ओठ दोनदा हलले. "कॅनन," तो म्हणाला. "दोन."

आणि मी पाटीवर दोन लिहिले. थुंकावं असं वाटतं मला स्वतःवर, पण लिहिले.

त्यानं खडू टेबलाच्या कडेवर ठेवला, वहाणा घातल्या आणि गेला. परत आला नाही. पुढच्या महिन्यात सेक्रेटरीनं नागपुराहून नवा मार्कर आणला. त्याला कुशन कॅनन येत नव्हता. बाबारावनं शिकवला.